वाटाण्याचे रोप

(बी. ए. भाग दोन)

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मराठीच्या सरांनी वर्गात विचारले, की यंदाच्या अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र कोण लिहून देईल. वर्गात कुणी बोलेना. पुढच्या बाकावरच्या मुली वह्या चाळू लागल्या. कसे कोण जाणे, माझा हात वर गेला आणि सरांनी माझे नाव लिहून घेतले. तोवर परीक्षेतील निबंधाखेरीज मी चार ओळीही लिहिलेल्या नव्हत्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, माय सहीपुरती. पिंपळगाव राजाहून सकाळच्या एस. टी.ने खामगावला यायचे, दुपारच्या गाडीने परत जायचे, आणि उरलेल्या वेळात शेतात जायचे, असा माझा दिनक्रम आहे. लेखक होण्याची स्वप्ने पडायला त्यात फारशी जागा नाही.

वास्तविक पुन्हा कशालाही हात वर करायचा नाही, असा मी निश्चय केलेला होता. त्याचे कारण आधी सांगतो, म्हणजे मी हेच चरित्र का निवडले ते वाचकांच्या ध्यानात येईल.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी खामगावातील एका दुकानात वीस-बावीस दिवस मोटार भरण्याचे काम पाहिले. पाहिले, असेच म्हणतो. केले म्हणत नाही. तार गुंडाळून देणे, कागद कापणे, चहा आणणे एवढेच माझ्याकडे होते. पुढे डिसेंबरात आमच्या बांधशेजारच्या काकांची तीन हॉर्सपॉवरची मोटार जळाली. हरभरा घाट्यांवर आला होता, पाण्याची निकड होती. काका मोटार खामगावला न्यायला निघाले, तेव्हा मी पुढे झालो आणि म्हणालो, की मी भरून देतो, पैसे फक्त तारेचे द्या. काकांनी माझ्याकडे पाहिले, बाबांकडे पाहिले, आणि मोटार आमच्या ओसरीवर ठेवली.

चार रात्री मी जागलो. जुनी तार काढली, फेरे मोजले, चोवीस खाचांत नवी तार बसवली. वार्निश लावले, पण ते नीट वाळू दिले नाही, कारण पाण्याची घाई होती आणि खरे सांगायचे तर मलाच घाई होती. पाचव्या दिवशी विहिरीवर मोटार जोडली. बघायला सात-आठ माणसे जमली होती. स्टार्टर दाबला. मोटार घोंघावली, पण जागची फिरली नाही, आणि काकांनी बटण बंद करेपर्यंत तिच्यातून धूर निघाला. जळक्या वार्निशचा तो वास मला अजूनही नको तेव्हा आठवतो.

काका एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटार खामगावला नेली. तिथे कामाची रांग होती, सहा दिवस गेले. हलक्या रानातला हरभरा तेवढ्यात वाळला. तारेचे पैसे बाबांनी परत केले, त्यासाठी आमची गाभण बकरी बाजारात गेली. माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढे मिस्त्रींनी सांगितले, की एका फेजची दोन टोके मी उलटी जोडली होती. मोटार फिरली नाही ती एवढ्याने.

असो. चरित्राचे नाव दिल्यावर मी ग्रंथालयात गेलो. कुणाचे लिहावे हे ठरत नव्हते. शेल्फवर दादासाहेब फाळके यांच्यावरचे पुस्तक होते, आणि सिनेमाचा मनुष्य म्हणून मी ते काढले. बाबा सांगतात, की त्यांच्या लहानपणी यात्रेत तंबूतला सिनेमा येई आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे मातीत बसून तो पाहत. तेवढाच माझा सिनेमाशी आनुवंशिक संबंध. पहिली पन्नास पाने वाचली आणि मला या गृहस्थांचा राग आला. विम्याचे कागद गहाण टाकून, बायकोचे दागिने मोडून, जे येत नाही ते करायला निघालेला मनुष्य. माझ्या मनात आले, की हे तर माझ्यासारखेच. यांची मोटार फिरली म्हणून यांचे चरित्र झाले, माझी जळाली. पण मी पुस्तक पुढे वाचले आणि माझे मत हळूहळू बदलले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला आणि छायाचित्रण असे नाना विषय ते शिकले. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांचा त्यांच्यावर लोभ होता. तीन रंगांचे ठसे बनवण्याची विद्या शिकायला ते रतलामला गेले, तेही त्याच काळात.

यानंतरची दहा-पंधरा वर्षे वाचताना दम लागतो. गोध्र्याला छायाचित्रांचे दुकान काढले. प्लेगने पत्नी व मूल नेले, दुकान सोडून ते बडोद्यास परतले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. नाटकांचे पडदे रंगवले. १९०२ साली दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. स्वदेशीच्या चळवळीत तीही सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा धंदा सुरू केला, पुढे तो दादरला आणला. रंगीत छपाईची यंत्रे आणायला १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी बिनसले आणि छापखान्यातूनही बाहेर पडले.

आमच्या गावात असा मनुष्य असता तर लोकांनी त्याला बारा गावचे पाणी प्यालेला म्हणून नावे ठेवली असती, आणि मुलगी तर कुणी दिलीच नसती. मीही पहिल्यांदा तसेच म्हटले. पण ही यादी मी वहीत उतरवली तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. छायाचित्र कसे काढावे, ते रसायनात कसे धुवावे, पडदा कसा रंगवावा, माणसांच्या डोळ्यांना कसे फसवावे, यंत्र परदेशातून कसे आणावे व उघडून कसे जोडावे, हे सगळे चाळिशीपर्यंत या माणसाच्या हाताला येत होते. येत नव्हते ते फक्त चित्र हलते करणे.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील एका तंबूतल्या चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील विलायती मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण चालू लागले. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले. त्या रात्रीपासून दुसरे काही सुचेना. उपजीविकेचा धंदा नुकताच हातचा गेलेला, घरात लहान मुले. अशा वेळी त्यांनी ठरवले, की आपण असे चित्र करायचे. कसे करतात हे ठाऊक नव्हते, आणि ज्याच्याकडे जाऊन विचारावे असाही कुणी जवळपास नव्हता.

मग जो तो खेळ पाहणे सुरू झाले. चित्रगृहात, घरी, रात्री, उत्तररात्री. चलच्चित्रावरचे एक इंग्रजी पुस्तक मिळवले, खेळण्यातले यंत्र घेतले आणि भिंगापुढे मेणबत्ती धरून भिंतीवर चित्रे पाडली. झोप जवळजवळ नाहीच. परिणाम असा झाला, की डोळे गेले. काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डॉक्टरांनी उपचार करून आणि निरनिराळे चष्मे देऊन दृष्टी परत आणली. मला वाटते, इथे दुसरा कुणी थांबला असता आणि त्याला कुणी दोषही दिला नसता.

लंडनला जाऊन यंत्र आणायचे तर पैसा हवा. बारा हजारांच्या विमा पॉलिसी त्यांनी गहाण टाकल्या आणि दहा हजारांचे कर्ज उभे केले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीत बसले. लंडनमध्ये त्यांची ओळख नव्हती. चित्रपटाविषयीच्या एका साप्ताहिकाची पाटी रस्त्यात दिसली. ते साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत, म्हणून सरळ आत शिरले. संपादकांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. विलायतेतच यात कित्येक जण बुडाले होते, हिंदुस्थानात काय होणार? पण फाळके हलेनात. तेव्हा त्याच संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवले. हेपवर्थने आपला स्टुडिओ मोकळेपणाने दाखवला. लंडनातील मुक्काम अवघा दोन आठवड्यांचा. तेवढ्यात जे पाहायचे ते पाहिले, पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि तिच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली, आणि १ एप्रिलला ते मुंबईत परत आले.

दोन आठवडे! मी मोटारीच्या दुकानात वीस-बावीस दिवस होतो. ही तुलना मी मुद्दाम करतो, कारण पुढे जे घडले त्यात आमच्या दोघांमधला फरक आहे.

मे महिन्यात यंत्रसामग्री आली. फाळक्यांनी राजा हरिश्चंद्र लगेच सुरू केला नाही. त्यांच्याजवळ नट नव्हते, पैसे संपत आले होते, आणि आणखी कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले. कुंडीपुढे कॅमेरा मांडला. आणि महिन्याहून अधिक काळ, रोज थोडे थोडे, त्या कुंडीचे चित्रण केले. दाणा फुगला, कोंब आला, पाने फुटली, वेल वर चढला. सगळे मिळून एका मिनिटाच्या आसपासची ती फिल्म झाली. तिला अंकुराची वाढ असे नाव दिले आणि धनकोंना बोलावून ती दाखवली. महिनाभराची वाढ डोळ्यांदेखत मिनिटात झालेली त्यांनी पाहिली आणि कर्ज मंजूर केले.

हा मजकूर मी एस. टी.त बसून वाचला आणि पुस्तक मिटून ठेवले. मनात एकच विचार आला, की काकांच्या मोटारीच्या आधी मी वाटाणा पेरला नव्हता.

पुस्तकात या कुंडीला दीड पान दिले आहे. मला ते फार थोडे वाटले. कारण त्या मिनिटभराच्या फिल्ममध्ये सर्व काही तपासून झाले होते. भोके बरोबर पडतात की नाही, प्रकाश किती लागतो, आपल्या हवेत रसायन कसे वागते, धुतलेली फिल्म स्वच्छ निघते का, पडद्यावर चित्र स्थिर राहते का. चुकले असते तर काय गेले असते? चार वाटाणे आणि थोडी फिल्म. त्यात नटांचा पगार नाही, राजवाड्याचा पडदा नाही, पाहायला जमलेली माणसे नाहीत. लोक फाळक्यांच्या उडीचे कौतुक करतात. उडी तर त्यांनी मारलीच, विम्याचे कागद काही परत आले नव्हते. पण उडी मारल्यावर त्यांनी महिनाभर एका कुंडीकडे पाहिले, हे धैर्य मला अधिक अवघड वाटते. मी असतो तर दुसऱ्याच दिवशी हरिश्चंद्राला वनात पाठवले असते.

यात सरस्वतीबाईंचा वाटा किती मोठा होता, हे मला या वाचनात प्रथमच कळले. दागिने तर त्यांनी दिलेच. पण कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात बसून भोके पाडणे, फिल्म धुणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे ही कामे त्या शिकल्या, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांनीच रांधला. त्यांनाही हे आधी कुठे येत होते? त्यांनी तर हात वर केलेलाही नव्हता. नवऱ्याच्या निश्चयाबरोबर त्या त्यात आल्या. आमची गाभण बकरी विकली गेली तेव्हा मायला कुणी विचारले होते, हे मला इथे आठवले. चरित्रे लिहिताना या गोष्टी एका परिच्छेदात आटोपतात. मीही आटोपतो आहे, हे मला कळते.

नट मिळवणे हे आणखी वेगळे प्रकरण. जाहिराती दिल्या. तारामतीच्या कामाला स्त्री मिळेना. ज्या स्त्रियांना समाजाने आधीच बाहेर टाकलेले होते त्यांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात महिना दहा रुपयांवर स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके त्यांच्या दृष्टीस पडले. नाजूक बांधा, सडपातळ हात. पंधरा रुपयांवर ते तारामती झाले. अभिनय येतो का, असे त्यांना कुणी विचारले असेल असे वाटत नाही! पण हेच साळुंके पुढे १९१७ च्या लंकादहनात राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत उतरले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. कॅमेऱ्याचे हँडल त्र्यंबकेश्वरचे मित्र त्र्यंबक तेलंग यांच्या हाती दिले. त्यांनाही ते फाळक्यांनीच शिकवले. सिनेमात काम करतो असे सांगायची लोकांना लाज वाटे, म्हणून हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे असे सांगण्याची त्यांनी युक्ती काढली. बाहेरचे चित्रण वांगणीला झाले. ढाल-तलवारीची माणसे पाहून तिथल्या लोकांना दरोडेखोर आल्याचा संशय आला, अशी हकिगत आहे.

दादरच्या घरी आणि वांगणीच्या रानात मिळून सहा महिने सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. लांबी ३,७०० फूट. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला आणि चालला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्याच चित्रगृहात आदल्या वर्षी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा पुंडलिक दाखवला गेला होता. तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता आणि त्याची फिल्म विलायतेत धुतली गेली, म्हणून पहिलेपणाचा मान बहुधा फाळक्यांना देतात. पहिला कोण हा वाद पंडितांनी करावा. मला फाळक्यांच्या पहिलेपणापेक्षा त्यांच्या कुंडीत अधिक रस आहे.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो. ते नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रिया प्रथमच पडद्यावर आल्या. १९१४ साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथे त्यांच्या कामाचे कौतुक झाले, पण महायुद्ध पेटले आणि इकडे भांडवल आटले. १९१७ च्या लंकादहनाने अपार पैसा दिला. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. कालियामर्दनात त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. भागीदारांशी पुन्हा बिनसले, ते काशीला गेले, तिथे रंगभूमी नावाचे नाटक लिहिले, परत आले. हा त्यांचा स्वभावच दिसतो. सगळे नवे शिकले, पण भागीदाराशी जमवून घेण्याची एक विद्या काही त्यांना साधली नाही.

१९३१ साली आलमआरा आला आणि चित्र बोलू लागले. सेतुबंधन हा त्यांचा मूकपट मागाहून आवाज भरून दाखवावा लागला. कोल्हापूरच्या कंपनीसाठी त्यांनी गंगावतरण हा बोलपट केला, तो १९३७ साली आला. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. तो त्यांचा अखेरचा चित्रपट. एकोणीस वर्षांत नव्वदांहून अधिक चित्रपट करणारा हा मनुष्य शेवटी नाशिकला हलाखीत राहिला, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी वारला. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला; पहिला देविकाराणींना मिळाला. राजा हरिश्चंद्राची आज फक्त सुरुवातीची व शेवटची रिळे उरली आहेत.

आता माझे राहिलेले सांगतो.

यंदा तूर सोंगायला मी मजुरीने गेलो. त्या पैशांतून भंगारवाल्याकडून एक जळालेली मोटार घेतली. घरी आणल्यावर मायने तिच्याकडे असे पाहिले, की मी ती उचलून गोठ्यात नेऊन ठेवली. या वेळी जुनी तार काढण्यापूर्वी प्रत्येक खाचेचे चित्र वहीत काढले, फेरे तीनदा मोजले, टोकांना रंगीत दोरे बांधले. पहिल्यांदा चुकलो; दिव्याच्या तपासणीत ते कळले. पुन्हा उकलले. दुसऱ्यांदा वार्निश लावून आठ दिवस उन्हात ठेवली. हा लेख आणि ती मोटार बरोबरच चालली होती. रात्री एक पान लिहायचे आणि मग एक खाच भरायची.

पण आमचे शेत कोरडवाहू. तीन फेजची लाईट आहे ती काकांच्या विहिरीवर. म्हणून मला त्यांच्याकडे जाऊन विचारावे लागले, की माझी मोटार तुमच्या स्टार्टरला पाच मिनिटे जोडू का. वाक्य मी वाटेत जुळवून ठेवले होते, तरी बोलताना अडलो. काका थोडा वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, की लाईट रात्री अकराला येते, तेव्हा ये.

त्या रात्री विहिरीवर आम्ही दोघेच होतो. त्यांचा पंप बाजूला सोडवून ठेवला, माझ्या मोटारीची टोके जोडली. बटण काकांनीच दाबले. मोटार फिरली. मी घड्याळ पाहत होतो. पाच मिनिटे झाली, काकांनी बंद केली नाही. दहा मिनिटांनी त्यांनी वाकून तिच्या पाठीवर पालथा हात ठेवला, गरम झाली का ते पाहिले आणि हात काढून घेतला. मग बटण बंद केले, आपला पंप पुन्हा जोडायला सांगितले, आणि मी टोके बांधीत असताना बॅटरीचा उजेड माझ्या हातांवर धरून उभे राहिले. हरभऱ्याला पाणी द्यायचे होते.